दुसरा ब्रेक

शहराच्या त्या भागात कुणाला गाडी शिकायची असली की लोक डोळे झाकून सांगत, "मास्तरीणबाईंकडे जा." त्यांचं खरं नाव विचारलं तर ड्रायव्हिंग स्कूलचे मालकसुद्धा क्षणभर अडखळत. बांधा ठेंगणा, आवाज उंच आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही, असा एकूण कारभार. स्कूल म्हणजे एक गाळा. त्यात एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा फिकुटलेला तक्ता आणि बाहेर दोन शिकाऊ गाड्या. त्यातली पांढरी गाडी बाईंची. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला बाईंना खपत नसे.

बाईंच्या गाडीत भीती वाटत नाही, अशी त्यांची ख्याती होती. जन्मात स्टिअरिंगला हात न लावलेली माणसं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजाराच्या रस्त्याने गाडी नेत. समोर हातगाडी आडवी येवो, कुत्रं येवो, शाळा सुटून पोरांचा लोंढा येवो, गाडी अशी अलगद थांबायची की मागच्या सीटवर अंड्यांची पिशवी ठेवावी. शिकणारा हरखून जायचा.

"बाई, जमायला लागलं की मला!"

"मग? शिकवतंय कोण?" बाई म्हणायच्या.

आता शिकाऊ गाडीचं एक असतं. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, दुसरा. शिकणाऱ्याने घोळ घातलाच तर सगळ्यांचा जीव वाचावा म्हणून. मास्तरीणबाईंचा पाय कायम त्या ब्रेकवर. जवळ नव्हे, वरच. शिकणाऱ्याला हातगाडी दिसायच्या आत ती बाईंना दिसायची, आणि त्याने पाय उचलायच्या आत बाईंचा पाय खाली गेलेला असायचा. तोही इतका हलका की शेजारच्याला वाटावं, वा, थांबवली की मी! गंमत म्हणजे हे बाईंना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की मी अगदीच वेळ आली तर ब्रेक लावते.

घोडं पेंड खायचं ते परीक्षेच्या दिवशी. परीक्षा सरकारी गाडीत. शेजारी परीक्षेचे साहेब, आणि साहेबांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला की तुम्ही नापास. बाईंची शिकलेली माणसं ऐटीत निघायची आणि पहिल्याच खांबाच्या दिशेने चालू लागायची. साहेब कपाळाला हात लावायचे आणि ब्रेक दाबायचे. मग माणूस पडेल चेहऱ्याने परत आला की बाई खापर साहेबांवर फोडून मोकळ्या. "खडूस आहे मेला. घरी भांडून येतो आणि तुमच्यावर काढतो. पुन्हा अर्ज भरा." काही जण पुन्हा भरायचे. बरेच जण भरायचे नाहीत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नवा नियम आला. गाडी शिकवणाऱ्या प्रत्येकाने आता कोर्स करायचा, शेवटी अहवाल लिहून द्यायचा, आणि प्रमाणपत्र मिळालं तरच शिकवणाऱ्याच्या सीटवर बसायचं.

"मला काय शिकवणार ते?" बाई म्हणाल्या.

"मला माहीत आहे हो," मालक चाचरत म्हणाले. "पण प्रमाणपत्र नाही आलं तर मला तुम्हाला टेबलावर बसवावं लागेल. अर्ज भरून घ्यायचे, फोटो चिकटवायचे."

बाईंनी टेबलाकडे असं पाहिलं की मालकांनीच खुर्ची जरा मागे ओढली. पण मनातून त्या हादरल्या. पांढऱ्या गाडीतली ती सीट सोडून या गाळ्यात दिवसभर डिंक लावत बसायचं! घरी त्या कुणाच्या आई होत्या, कुणाच्या बायको होत्या. मास्तरीणबाई त्या फक्त त्या सीटवर होत्या.

कोर्स घेणारे सर वयाने बाईंहून लहान, आणि बोलणं इतकं मऊ की मागच्या बाकावर पोचू नये. बाई हटकून मागच्याच बाकावर बसल्या. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "शिकवणं म्हणजे काय?"

"गाडी ठोकू न देणं," बाईंनी ठणकावलं.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि पुसलं नाही.

मग एके दिवशी प्रत्यक्ष गाडीचा पाठ होता. सरांनी दुसऱ्या ब्रेकला एक वायर जोडून घेतली होती. तो ब्रेक जरा दाबला की डॅशबोर्डवर लाल दिवा लागायचा. एकेक शिक्षक एकेका नवशिक्याला घेऊन फेरी मारून येत होता, आणि दोघे जण मागे बसून दिव्यावर लक्ष ठेवत होते. कुणाचा दिवा एखाद्या वळणावर लागे, कुणाचा चौकात लागे. बाईंची पाळी आली. शेजारी कॉलेजातली एक नवशिकी मुलगी. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि दिवा जो लागला तो विझायचं नाव घेईना. मध्येच जरा मालवायचा आणि पुन्हा पेटायचा.

"वायर चिकटलीय कुठेतरी," बाई म्हणाल्या. "माझे मिस्टर लिफ्ट दुरुस्त करतात. मला कळतं यातलं."

सरांनी निमूटपणे गाडी बदलून दिली. दुसऱ्या गाडीचा दिवाही तसाच. याचीही वायर गेली, असं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण मागच्या दोघांनी एकदम खिडकीबाहेरच्या झाडांत रस घ्यायला सुरुवात केली. गाडीतून उतरताना ती मुलगी आनंदाने म्हणाली, "छान चालवली ना मी?" बाई दार लावून सरळ फाटकाकडे चालू लागल्या.

शेवटी राहिला अहवाल. 'या अभ्यासक्रमातून मी काय शिकलो आणि माझ्या शिकवण्यात काय बदललं.' शाळा सुटल्यापासून बाईंनी सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पण लेक कॉलेजात होती आणि असल्या गोष्टी तिच्या हातचा मळ होत्या.

"आई, यात काय एवढं? मी देते ना," असं म्हणून ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि बघता बघता पानं भरली. 'हा अभ्यासक्रम म्हणजे माझ्या जीवनातील एक सोनेरी पान ठरला. यातून मला संयम, आत्मविश्वास व वेळेचे नियोजन यांचे अनमोल धडे मिळाले. मान्यवर मार्गदर्शकांच्या ज्ञानाच्या प्रकाशात माझी वाटचाल उजळून निघाली.'

"झकास!" नवरा म्हणाला. "कुणाच्या तरी सत्काराला आल्यासारखं वाटलं."

बाईंनी तो अहवाल ऐटीत नेऊन दिला. दोन दिवसांनी सरांनी त्यांना बोलावून तो परत समोर ठेवला.

"भाषा सुंदर आहे," सर म्हणाले. "पण बाई, यात गाडी कुठे आहे? हाच अहवाल उद्या एखाद्या बेकरीवाल्याने दिला तरी चालून जाईल."

"मग काय लिहू?"

"त्या दिव्याबद्दल एक अक्षर नाही यात." सरांचा आवाज तेवढाच मऊ होता. "शनिवारी बाहेरच्या परीक्षक येणार आहेत. तोवर पुन्हा लिहा. त्यानंतर मात्र मला काही करता येणार नाही."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. वाटेत त्यांनी मनातल्या मनात सरांना चांगलं धारेवर धरलं, आणि घरी येऊन कोरा कागद पुढे ओढला. 'दिवा लागला,' असं लिहिलं. मग ते खोडलं. मग कागदच चुरगाळला. लिहिता येत नव्हतं असं नाही. पण दिवा खरा म्हटला तर मग पुढचंही खरं मानावं लागत होतं, आणि ते त्यांना नको होतं.

"एवढं काय त्यात?" नवरा पकडीला तेल लावता लावता म्हणाला. "तुझी गाडी म्हणजे आमच्या लिफ्टसारखी. माणूस आत बसतो, हव्या त्या जागी ती आपोआप थांबते. आतल्याला काही यावं लागत नाही. सोय आहे लोकांची!"

तो बिचारा कौतुकच करत होता. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पकड उचलली आणि गॅलरी गाठली. पण शब्द वर्मी लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूलमध्ये पडदेवाल्या काकू आल्या. पन्नाशी उलटलेली बाई. घराखालीच त्यांचं पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचं दुकान. माल पोचवायची व्हॅन नवरा चालवायचा. त्याची नजर अधू झाली तशी व्हॅन दारात उभी राहिली, आणि काकूंनी हिय्या करून स्वतः शिकायचं ठरवलं. बाईंच्या शेजारी बसून त्या अख्खं गाव फिरल्या होत्या. परीक्षेत मात्र दर वेळी नापास.

"बाई, माझं नाव काढून टाका," काकू म्हणाल्या. "उद्याची परीक्षा नको मला. व्हॅनला गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकतो."

"अहो काकू, तो साहेब खडूस आहे. तुम्ही मुळीच..."

"नाही हो. साहेबांना कशाला बोल लावायचा? तुमच्या गाडीत सगळं येतं, त्यांच्या गाडीत पाय गळून जातात. खोट माझ्यातच आहे. हे म्हणतात ते खरं, या वयात नाही जमायचं."

हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की बाईंना रडूच फुटायचं बाकी राहिलं. आपल्यापायी एक चांगली हातापायाने धड बाई स्वतःला निकामी समजून बसली आहे, आणि आपण तिला इतके महिने साहेबांच्या भांडणाच्या गोष्टी सांगतोय, हे त्यांना लख्ख दिसलं. आता कुठली वायर आणि कुठलं काय.

"चला," बाई उठल्या.

"कुठे?"

"गाडीत. आणि खोट तुमच्यात नाही, काकू. माझा पाय होता तो. बसा, सांगते."

गोदामांच्या मागे एक मोठं मोकळं मैदान होतं. बाईंनी वाटेत एका दुकानातून रिकामी खोकी मागून घेतली आणि ती मैदानात मांडली. मग शेजारच्या सीटवर बसून त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि चक्क मांडी घातली.

"हे काय, बाई?"

"आता माझा पाय खाली पोचत नाही. ते समोरचं खोकं म्हणजे हातगाडी समजा. चालू लागा. हळू."

गाडी निघाली, खोक्यापर्यंत गेली, आणि खोक्यावरून गेली.

"बाई! ब्रेक!" काकू किंचाळल्या.

"तुमच्याकडे आहे."

काकूंनी मग इतक्या जोरात ब्रेक दाबला की दोघींची डोकी पुढे गेली. गाडी बंद पडली. काकू पांढऱ्याफटक. मग म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे एरवी मी लावतच नव्हते?"

"नव्हता लावत. मी लावू देत नव्हते."

काकू रागावतील असं बाईंना वाटलं होतं. रागावल्याही. चांगल्या दोन-चार गोष्टी सुनावल्या. बाईंनी मांडी न मोडता ऐकून घेतल्या. मग काकूंनी गाडी पुन्हा सुरू केली आणि म्हणाल्या, "मांडा खोकी."

त्या मैदानात त्या दिवशी खोक्यांची दाणादाण उडाली. पण दुपार कलायला लागली तशी खोकी वाचू लागली. आधी हातभर अलीकडे, मग बेताच्या अंतरावर. संध्याकाळी बाईंनी पाय खाली घेतले आणि गाडी रस्त्यावर न्यायला सांगितली. पाय आता ब्रेकच्या शेजारी होता, वर नव्हता. काकू खोक्यांशी झुंजत होत्या त्याहून मोठी झुंज या बाजूला चालली होती. एक टेम्पो गल्लीतून मागे मागे येत रस्त्यात शिरला. बाईंना तो कधीच दिसला होता. पाय ब्रेककडे ओढ घेत होता, आणि त्याला जागेवर ठेवता ठेवता बाईंच्या कपाळाला घाम फुटला. आता, आता, म्हणेपर्यंत गाडी मंदावली आणि थांबली. टेम्पोपासून चांगली लांब.

"ही मी थांबवली?" काकूंनी विचारलं.

"बघा माझा पाय."

काकूंनी वाकून पाहिलं. मग असं काही हसू लागल्या की टेम्पोवाला खाली उतरून बघायला आला.

परीक्षेला काकू गेल्या. गेल्या कसल्या, बाईंनीच हाताला धरून नेल्या. खडूस साहेब त्यांना घेऊन निघाले, नेहमीच्या खांबाशी गाडी वळली, चौकात थांबली, निघाली आणि जशी गेली तशी परत आली. साहेबांनी कागदावर शिक्का मारला आणि बाईंकडे बघून म्हणाले, "आज काय झालं तुमच्या माणसाला?"

"या वेळी शिकवताना माझा पाय मध्ये आला नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांना काही उमगलं नाही. बाईंना मात्र स्वतःच्याच तोंडून अहवालात काय लिहायचं ते मिळालं. त्या तशाच काकूंच्या दुकानात गेल्या. कापड बेतायच्या लांबलचक टेबलाची एक बाजू काकूंनी हाताने झाडून दिली, आणि शिलाई मशीनच्या खडखडाटात बाई लिहायला बसल्या. काकूंचा नवरा डोळे बारीक करून बायकोचा शिक्क्याचा कागद पुन्हा पुन्हा हातात घेत होता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता, "व्हॅन विकायची नाही हं आता." बाईंनी मान वर केली नाही.

'मी गाडी शिकवते,' त्यांनी लिहिलं. 'म्हणजे मला तसं वाटत होतं. माझ्या गाडीत लोकांना भीती वाटत नाही याचा मला गर्व होता. कोर्समध्ये लाल दिवा लागला तेव्हा कळलं की भीती का वाटत नव्हती. गाडी मीच चालवत होते. त्यांनी फक्त स्टिअरिंग धरलं होतं. मी माणसं वाचवत होते, पण शिकवत नव्हते. दिवा खराब आहे असं मी म्हटलं, ते खोटं होतं. माझ्याकडे शिकून नापास झालेले बरेच लोक साहेबांमुळे नाही, माझ्यामुळे नापास झाले. आता मी पाय बाजूला ठेवते. हे फार अवघड आहे. गाडी चालवण्यापेक्षा अवघड आहे. सर म्हणाले काय शिकलात ते लिहा. मी हे एवढंच शिकले.'

मोजायला गेलं तर दीड पान भरलं. सोनेरी पान कुठेच नव्हतं. लेकीने वाचलं, आणि दुरुस्त करायला घेतलेला पेन खाली ठेवला.

"राहू दे तसंच," ती म्हणाली. "तुझा आवाज ऐकू येतोय यात."

शनिवारी परीक्षक आल्या. चष्म्यावरून पाहणाऱ्या, कडक इस्त्रीच्या. मऊ सर शेजारी बसले होते. परीक्षकांनी अहवाल वाचला, पुन्हा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"'माझ्यामुळे नापास झाले.' हे वाक्य तुमच्या फाइलीत कायमचं राहणार. उद्या कुणी तक्रार केली तर हेच काढून दाखवतील. मागाहून माझ्यावर येऊ नका. हवं तर आत्ता खोडा. बाकीच्यावरही मी प्रमाणपत्र देऊ शकते."

त्यांनी पेन पुढे केला. बाईंनी तो पेन हातात घेतला, हे कबूल केलं पाहिजे. त्यांना टेबल दिसलं, डिंक दिसला आणि कुणीतरी ही ओळ मालकांपुढे नाचवतंय असंही दिसलं. मग त्यांना खोक्यावरून गेलेल्या काकूंचा चेहरा आठवला.

"राहू द्या, मॅडम," त्यांनी पेन परत दिला. "ते खोडलं तर खाली उरतंय काय?"

परीक्षकांनी चष्मा काढला. शिक्का उचलला आणि असा दाणकन हाणला की पाण्याचा पेला हिंदकळला.

"शाब्बास!" सर ओरडले. मऊ सर ओरडले! अख्ख्या वर्गाने दचकून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो बाईंनी मान ताठ ठेवून ऐकला. डोळे पुसले, पण मान ताठ ठेवून पुसले.

तिथून त्या थेट स्कूलमध्ये आल्या. मालकांनी प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरून पाहिलं आणि हातोडी-खिळा शोधू लागले. "बाई, आज सुट्टी घ्या. मजा करा," ते म्हणाले.

बाई टेबलामागच्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या आणि त्यांनी फोन पुढे ओढला होता. मालक बघतच राहिले.

"कुणाला करताय?"

"नापासांना," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना. पुन्हा फी घ्यायची नाही हं, सांगून ठेवते."

आणि त्यांनी पहिला नंबर लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग एका थकलेल्या माणसाचा आवाज आला. बाईंनी नाव सांगितल्यावर तो ओशाळून हसला.

"मास्तरीणबाई होय! नको हो बाई. मी नाद सोडला. मला गाडी चालवता येत नाही, हे आता मान्य केलंय मी."

"असं कसं म्हणता?" बाई म्हणाल्या. "तुम्ही चालवून कुठे बघितलीय अजून?"